शरदातले किडे आणि रानफुले: टेकडीवर, बागेत, सोसायटीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गणपती गेले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. बहुतेक धूसर, बरेचसे पाठमोरे, आणि खाली एकच ओळ: "ताई, हे काय आहे?" पुण्याच्या टेकड्यांवर आणि आसपासच्या बागांत हिंडणाऱ्यांकडून जे प्रश्न दरवर्षी येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे पुण्याची आहेत. इतर ठिकाणी एखाद-दोन आठवड्यांचा फरक धरा, कोकणात जरा जास्त.

1. आपल्याकडे पाने लाल होऊन गळत नाहीत. मग शरदात बघायचे काय?

आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि हा आपल्याकडचा गळण्याचा नव्हे, भरून येण्याचा काळ. पावसाळाभर वाढलेली रोपे आता फुलतात आणि पाणी आटायच्या आत बी धरायची घाई करतात. किड्यांचेही तेच: श्रावण-भाद्रपदात पाने कुरतडून पोसलेल्या अळ्या आता पंख घेऊन बाहेर पडतात.

सप्टेंबरात तेरडा, कुर्डू, कवला, सोनकी. ऑक्टोबरात खुळखुळा आणि कॉसमॉस. दसऱ्याच्या आगेमागे देवकांचन फुलतो आणि रात्री सातवीण घमघमू लागते (कोणाला तो वास आवडतो, कोणाचे डोके उठते). नोव्हेंबरात रानमोडी. फुलपाखरांसाठी सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हे दोन महिने सोडू नका.

2. पुण्यात कुठे जाऊ? लांब जायला वेळ नाही.

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा काठ, एम्प्रेस गार्डन. मुंबईकरांनी माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघावे. एकेकाळच्या कचराभूमीवर उभे आहे, हे आत गेल्यावर खरे वाटत नाही.

पण खरे सांगायचे तर नावाजलेली जागा लागत नाही. जिथे गवत कापायचे यंत्र फिरलेले नाही, ती जागा चांगली. सोसायटीच्या मागची भिंत, टाकीच्या ओव्हरफ्लोपाशी माजलेले तण, बांधकाम थांबलेला प्लॉट. कातरलेल्या हिरवळीवर तासभर बसलात तर मुंग्या दिसतील.

3. किती वाजता जावे? मॉर्निंग वॉकला सहा वाजता जातो तर काहीच दिसत नाही.

सहाला फुलपाखरेही झोपलेली असतात. त्यांचे अंग उन्हाने तापल्याशिवाय पंख चालत नाहीत. साधारण साडेआठला ती पंख पसरून उन्हात बसतात, नऊ ते साडेअकरा सगळ्यात जास्त हालचाल असते, आणि ऑक्टोबर हीटच्या दुपारी तुमच्यासारखीच सावलीत जातात. चार ते साडेपाच पुन्हा थोडी गडबड.

सहाची वेळ वाया मात्र जात नाही. दवाने ओथंबलेली कोळ्यांची जाळी तेव्हाच दिसतात. पारिजातकाखालचा सडाही तेव्हाचाच. ती फुले रात्री उमलतात, पतंगांची ये-जा होते आणि पहाटे गळून पडतात. संध्याकाळनंतर जिन्यातल्या दिव्यापाशी उभे राहिलात तर पतंगच पतंग.

4. काय काय बरोबर न्यायचे?

पाणी, टोपी, वही-पेन्सिल, फोन. दहा पटीचे छोटे भिंग मिळाले तर उत्तम. पायमोजे जुने घाला, कारण ऑक्टोबरात टेकडीवरचे कुसळी गवत पिकलेले असते. त्या बियांच्या शेपटीला पीळ असतो, ओल आणि ऊन मिळाले की तो सुटतो-आवळतो आणि बी जमिनीत गिरमिटासारखे शिरते. तुमच्या पायमोज्यालाही ती जमीनच समजते. आघाड्याची फळेही अशीच चिकटतात. घरी येऊन ती उपटत बसण्याला मी निरीक्षणाचाच भाग धरते.

5. मला एकही नाव येत नाही. सुरुवात कशापासून करू?

रुईपासून. शंभर जाती शोधत पळण्यापेक्षा एका रुईसमोर अर्धा तास उभे राहा. प्रत्येक नव्या माणसाला मी हेच सांगते आणि बहुतेकांना सुरुवातीला ते कंटाळवाणे वाटते.

पाने उलटून बघा. खालच्या बाजूला पांढुरका, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला तर ते प्लेन टायगर फुलपाखराचे अंडे असू शकते. अळी ओळखायला सोपी: काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी असतो. अळी तो पचवते आणि त्यातले विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही टाळतात. ते फुलपाखरू इतके संथ, निवांत का उडते याचे उत्तर त्या चिकात आहे.

कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा बसलेला असतो. माव्यामागे, तो खायला, ढालकिडे (लेडीबर्ड) येतात, माव्याच्या गोडसर स्रावासाठी मुंग्या येतात, आणि मुंग्या ढालकिड्यांना हुसकावतात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, कोणीतरी ब्रशने रंगवल्यासारखा मोठा नाकतोडा दिसला तर तोही रुईचाच गिऱ्हाईक. त्याला चिमटीत धरू नका, अंगावर पिचकारी मारतो. फुलांवर काळा भुंगा घोंघावत येईल. रुईचे पराग सुटे नसतात, त्यांच्या पिशव्या असतात, आणि त्या पायाला अडकवून दुसऱ्या फुलापर्यंत न्यायला असाच दांडगा पाहुणा लागतो.

शनिवारी मारुतीला माळ करायला रुईची पाने तोडत असाल तर आधी मागची बाजू बघा, इतकेच. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका (प्रश्न 12).

6. फोटो पाठवला तर नाव सांगाल ना?

सांगेन, पण फोटो नावापुरता तरी असू द्या. फुलाचा नुसता समोरून काढलेला फोटो पुरत नाही. एक फोटो फुलाचा समोरून, एक बाजूने, एक पानाचा आणि एक अख्ख्या रोपाचा, शेजारी बोट किंवा पेन ठेवून. फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले दोन्ही हवेत, कारण खालचा रंग बऱ्याचदा पूर्ण वेगळा असतो. हळदी-कुंकू हे फुलपाखरू वरून साधे पांढरे-काळे दिसते. त्याचे नाव सार्थ होते ते पंख मिटल्यावर.

जागा आणि तारीख लिहाच. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकलात तर ओळखही होते आणि नोंदही राहते. सप्टेंबरात देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' असतो, 2020 पासून. नवख्यांना नोंदी करायला तो महिना बरा. ॲपने सुचवलेले नाव मात्र वेदवाक्य मानू नका (प्रश्न 14).

7. आमची टेकडी पिवळी-केशरी झाली आहे! ही सोनकी ना?

बहुतेक वेळा नाही. सोनकी गुडघ्याखालची, गर्द पिवळी, छोट्या डेझीसारखी आणि सह्याद्रीच्या पठारांवर जास्त. कास पठारावर सप्टेंबरात पिवळा गालिचा दिसतो त्यात तिचा मोठा वाटा असतो. शहराच्या टेकडीवर कमरेएवढी, नारिंगी-पिवळ्या रुंद पाकळ्यांची फुले वाऱ्यावर डुलत असतील तर तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा, बागेतून पळून आलेला.

पुढचा प्रश्न ठरलेला: उपटून टाकू का? माझे मत: बी धरायच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच, परवानगी घेऊन, ओळखणाऱ्या माणसाबरोबर उपटा. ऑक्टोबरअखेर उत्साहाने उपटणारे लोक बियाच पसरवत चालतात. आणि खरा त्रास देणारे तण दुसरेच आहे: गाजरगवत. 1950च्या दशकात ते भारतात पहिल्यांदा लक्षात आले ते पुण्यातच, आणि आता देशभर आहे. त्याने त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते, म्हणून हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

परदेशी म्हणून सगळे वाईट, असेही नाही. एकदांडीही अमेरिका खंडातून आलेली, पण तिच्या चिमुकल्या फुलावर दिवसभर जेवढी छोटी फुलपाखरे बसतात तेवढी कुठे बसत नसतील. आणि दसऱ्याचा झेंडू? तोही मेक्सिकोचाच. आपट्याची म्हणून विकली जाणारी पाने बऱ्याचदा कांचनाची असतात, तो विषय वेगळा.

8. आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला होता, व्हिडिओ आहे!

भारतात हमिंगबर्ड नाहीत. अमेरिका खंडांबाहेर ते कुठेच नाहीत. तुम्ही पाहिलात तो बहुधा दिवसा उडणारा हॉकमॉथ, म्हणजे एक पतंग. हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पितो आणि पंखांचा नुसता धुरळा दिसतो. डोक्यावर मिशा दिसल्या तर शंका उरत नाही. पारदर्शक पंखांचा, हिरवट अंगाचाही एक असतो. त्याच्या अळ्या अनंताची पाने खातात. कुंडीतल्या अनंताचे शेंडे गायब होत असतील तर मागे शिंग असलेली हिरवी अळी शोधा.

चोच दिसत असेल आणि फुलावर चक्क बसत असेल, तर तो शिंजीर. पक्षीच, पण आपला.

9. मैदानावर संध्याकाळी शेकडो 'हेलिकॉप्टर' उडत होते. पाऊस येणार का?

ते चतुर. बहुतेक वेळा पिवळसर-तांबूस ग्लोब स्किमर जातीचे. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत त्यांची पिल्ले झपाट्याने वाढतात आणि पाऊस सरता सरता एकदम मोठ्या संख्येने बाहेर पडतात. मैदानावर ते डास-चिलटे पकडत असतात. पावसाचा अंदाज त्यांच्यावरून मी तरी बांधत नाही.

ऑक्टोबरात हेच चतुर मालदीवमध्ये लाखोंनी उतरतात, जिथे त्यांना अंडी घालायला गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी अनेक वर्षे नोंदी ठेवल्या आणि 2009 मध्ये मांडले की हे चतुर भारतातून निघून ईशान्येच्या वाऱ्यावर हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. जाऊन-येऊन 14,000 ते 18,000 किलोमीटर, तेही एका नव्हे, चार पिढ्यांत मिळून. तुमच्या मैदानावरचा प्रत्येक जण निघालाच असेल असे नाही. पण एखादा असेलही.

चतुर आणि टाचणी यांतला फरक: चतुर बसताना पंख पसरतो, टाचणी बहुधा मिटून पाठीवर धरते. टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब असतात.

10. खुळखुळ्याच्या सुकलेल्या शेंगांवर फुलपाखरे झुंबड करून बसली होती. सुकलेल्या शेंगेत मध कुठला?

मध नाहीच. त्या झुंबडीत बहुतेक नर असतात: टायगर, क्रो जातींचे. सुकलेल्या किंवा जखमी झालेल्या भागावर ते सोंडेतून थेंब सोडतात, त्यात विरघळलेले अल्कलॉइड (वनस्पतींतली कडू, विषारी द्रव्ये) पुन्हा शोषून घेतात. त्यापासून मादीला रिझवणारा गंध तयार होतो, जो शेपटीकडच्या केसांच्या झुपक्यांतून ते पसरवतात. हीच द्रव्ये शत्रूंपासून संरक्षणालाही उपयोगी पडतात. थोडक्यात, लग्नाची तयारी चालू असते. म्हणून बागेतला वाळका खुळखुळा 'कचरा' म्हणून लगेच उपटू नका. नोव्हेंबरात रानमोडीवरही अशीच गर्दी दिसते.

ओल्या मातीवर घोळक्याने बसलेली फुलपाखरे हा वेगळा प्रकार, त्याला चिखलपान म्हणतात. तिथे क्षार शोषले जातात. तिथेही नरच जास्त.

11. कढीपत्त्याची सगळी पाने अळ्यांनी खाल्ली. औषध मारू का?

किती पाने उरली ते आधी सांगा. कढीपत्ता आणि लिंबावरच्या या अळ्या बहुधा कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराच्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचले तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दुभंगलेले शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. चावत नाहीत. मोठे झाड असेल तर खाऊ द्या, पुन्हा पालवी फुटते. कुंडीतले रोप असेल तर दोन अळ्या ठेवा, बाकीच्या पानासकट दुसऱ्या लिंबावर हलवा. फवारणी केलेली पाने आमटीत तुम्हीच घालणार आहात.

पानफुटीची पाने आतून पोकळ, डागाळलेली दिसली तर रेड पिएरोची अळी पानाच्या आत राहते आहे. कण्हेरीवर आरशासारखा चकाकणारा कोष लटकत असेल तर तो कॉमन क्रोचा. तो घरी आणायचा मोह आवरा.

आणि हो: कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या, हे काय, असे दरवर्षी कोणीतरी हिरमुसून विचारते. त्या परजीवी. त्यांच्या आईने अळीत किंवा कोषात अंडी घातली होती. त्या नसत्या तर कढीपत्ता खरेच उरला नसता.

12. हात लावू नये असे काय काय आहे?

थोडेच, पण नक्की. केसाळ सुरवंट: अंगावर पडला तर चोळू नका. चिकटपट्टी लावून केस उचला, मग साबण-पाण्याने धुवा. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला, फुले खाणारा ब्लिस्टर बीटल: चिरडला तर कातडीवर फोड येतात. (त्याच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी फस्त करतात, म्हणून सरसकट मारू नका.) रुईचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे. कळलावी: गौरीला वाहतात, दिसायला ज्वाळेसारखी, पण सगळी विषारी, कंद सर्वांत जास्त. मुलांना तोंडात घालू देऊ नका.

खिडकीच्या चौकटीत मातीचे घर करणारी कुंभारीण मात्र भिण्यासारखी नाही. ती आपल्या कामात असते. जातीप्रमाणे कोळी किंवा अळ्या बधिर करून पिल्लांसाठी कोंबत असते.

13. सोसायटीच्या गच्चीखाली आग्या मोहोळ लागले आहे. काय करावे?

आधी ते आग्याच आहे का, ते लांबून बघा. उघड्यावर लटकणारे, हात-दीड हात रुंदीचे एकच पोळे, ते आग्या. झुडपाच्या फांदीला तळव्याएवढे पोळे असेल तर फुलोरी. ती बारीक असते, तिला राहू द्या. सातेरी भिंतीच्या किंवा झाडाच्या पोकळीत राहते.

आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात. काही महिन्यांनी आपणहून जातात. पोळे माणसांच्या वावरापासून लांब असेल तर फक्त खालची वाट बदला, पाटी लावा आणि दिवाळीत त्या बाजूला रॉकेट उडवू नका. धूर, दगड, पाण्याचा फवारा यांतले काहीही नको. एक माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून हातांनी हाणत बसण्यापेक्षा तोंड झाकून बंद खोलीत जावे. खूप डंख झाले किंवा श्वास लागला तर दवाखाना, घरगुती उपाय नाही. दाराजवळच असेल तर माश्या न मारता पोळे हलवणाऱ्या माणसाला बोलवा. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने रात्री जाळायला माणूस आणला. दुसऱ्या दिवशी मुलांची बस गेटपाशी थांबू शकली नाही.

14. मी 'प्लेन टायगर' म्हणून फोटो पाठवला, तुम्ही नाही म्हणालात. ॲपही तेच सांगत होते!

मागचे पंख बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. तुमच्या फोटोत ते नाहीत, वरच्या कडेला एकच डाग आहे. ही डनेड एगफ्लायची मादी. ती विषारी नाही, पण विषारी प्लेन टायगरचा (प्रश्न 5) वेष घेऊन फिरते आणि पक्ष्यांना फसवते. तिचा नर मात्र काळाभोर, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे मोठे ठिपके. नवरा-बायको म्हणून कोणी ओळखणार नाही. अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात, तेव्हा कुंडीत उगवलेली घोळ थोडी राहू द्या.

15. काजवे, कारवी आणि मृगाचा किडा आत्ता दिसतील का?

काजव्यांचा बहर मेअखेर ते जूनमधला. मृगाचा लाल मखमली किडा नावाप्रमाणेच मृगाचा, आणि आठ पायांचा असल्याने कीटकच नव्हे. कारवी ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते, पण साधारण सात वर्षांनी एकदा.

16. मी न्यू जर्सीत असते. इथे बघण्यासारखे काय?

तुमच्याकडे मोनार्क आहे, आपल्या प्लेन टायगरचा सख्खा चुलत भाऊ. त्याची अळी मिल्कवीड खाते, जी रुईच्याच कुळातली. सप्टेंबर-ऑक्टोबरात मेक्सिकोकडे जाणारे मोनार्क केप मेच्या टोकाशी वाऱ्याची वाट बघत थांबतात. पिवळ्या गोल्डनरॉडवर ते आणि मधमाश्या दोन्ही मिळतील. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात असे शेजारी सांगतील. दोष बहुधा त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीडचा असतो, तो आपल्या गाजरगवताचा नातेवाईक.

17. सप्टेंबरात जिन्यात येणाऱ्या तपकिरी फुलपाखराच्या पंखांवर गोल डोळे होते. नोव्हेंबरातल्यावर नाहीत. जात वेगळी का?

तीच असू शकते. संध्याकाळी दिव्याकडे येणारे ते बहुधा कॉमन इव्हनिंग ब्राउन, आणि त्याची पावसाळी आणि कोरड्या ऋतूची अशी दोन रूपे असतात. पावसाळ्यात, हिरव्या गवतात, पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. ते पक्ष्याची चोच अंगापासून दूर, पंखाच्या कडेकडे ओढतात. कोरड्या दिवसांत सगळीकडे वाळका पाला, तेव्हा डोळे पुसट होतात आणि पंखाचा आकारही पानासारखा टोकदार होतो. कोणते रूप घ्यायचे हे अळी-कोषाच्या काळातल्या हवामानावरून ठरते. ऑक्टोबरात दोन्ही रूपे एकाच भिंतीवर शेजारी दिसू शकतात. दिसली तर पंख मिटलेले असतानाच फोटो काढा, आणि तारीख लिहायला विसरू नका.